एका ‘लाइन’चे अनेक अर्थ

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात नववीत शिकते. गावातील रात्रीवर तिने इंग्रजीत निबंध लिहिला आणि त्यात ‘रात्री दहाला लाइन आली आणि बाबा केळीला पाणी द्यायला गेले’ अशा अर्थाचे वाक्य घातले. शिक्षकांनी ‘लाइन’ या शब्दाखाली लाल रेघ मारून वर ‘पॉवर’ असे लिहिले. मुलीचे म्हणणे असे, की लाइन हा शब्द इंग्रजीच आहे, मग तो इंग्रजीत चुकला कसा? मी शब्दकोश उघडला, तर या एका शब्दाखाली दोरी, रेघ, रांग, ओळ, वंश, धंदा आणि शेवटी अस्तर इतके अर्थ दिसले. हा एकच शब्द आहे की अनेक? आणि मुलांनी इतके अर्थ लक्षात तरी कसे ठेवावेत?
(एक शेतकरी पालक, चोपडा तालुका)

उत्तर : शिक्षकांनी केलेली दुरुस्ती योग्य आहे आणि आपल्या मुलीने विचारलेला प्रश्नही तितकाच रास्त आहे. ‘लाइन आली’ हे वाक्य इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला ऐकवले, तर वीज आली असा बोध त्याला होणार नाही. त्याच्या मनात टेलिफोनची तार किंवा माणसांची रांग येईल. विजेला तो ‘पॉवर’ किंवा ‘इलेक्ट्रिसिटी’ म्हणेल. ‘लाइन’ म्हणजे वीज हा अर्थ आपल्याकडच्या बोलण्यात तयार झालेला आहे. गावात खांब उभे राहिले, त्यांवरून तारा ओढल्या गेल्या, त्या तारांना लाइन म्हणू लागले आणि त्या सांभाळणारा तो लाइनमन झाला. तारेतून जे वाहते ते डोळ्यांना दिसत नाही, तार मात्र दिसते. म्हणून तारेचे नाव तारेतल्या विजेला मिळाले. आपण ‘नळ आले’ म्हणतो तेव्हा नळ जागचे हललेले नसतात, आलेले असते ते पाणी. ‘लाइन आली’ हे अगदी त्याच घडणीचे वाक्य आहे.

खानदेशात हा अर्थ किती खोल रुजला आहे हे केळी पिकवणाऱ्या घराला सांगण्याची गरज नाही. ज्याच्या वाट्याला शेतीपंपाची रात्रपाळी येते, त्याच्या घरात ‘लाइन कितीची आहे?’ या प्रश्नावर जेवणाची वेळ ठरते. मोटारीच्या पेटीतला ऑटो (वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा स्विच) खट्कन ओढला गेला, की अंधारातून ‘लाइन उनी’ अशी हाक येते, आणि मध्येच पाण्याची धार बारीक होत थांबली, की तोच आवाज ‘लाइन गयी’ म्हणतो. मराठीत आणि अहिराणीत हा शब्द या अर्थाने पूर्णपणे शुद्ध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीचा शब्द चुकीचा नव्हता. आपल्या बोलीत त्याला मिळालेला अर्थ तिने इंग्रजीत नेला, एवढेच घडले. हा फरक तिला समजावून सांगितला, तर लाल रेघेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. लॅटिन भाषेत जवसाच्या झाडाला आणि त्याच्या धाग्याला ‘लिनम’ म्हणत. जवसाच्या खोडापासून चिवट धागा निघतो आणि त्या धाग्याचे जे कापड होते ते लिनन. आपण जवस बियांसाठी आणि तेलासाठी पेरत आलो, त्यामुळे त्याच्या खोडाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. परंतु ज्या झाडाच्या बियांची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच झाडाच्या धाग्याने या शब्दाला जन्म दिला. त्या धाग्याच्या दोरीला लॅटिनमध्ये ‘लिनेआ’ हे नाव पडले आणि त्यापासून ‘लाइन’ निघाला. जवसाला इंग्रजीत ‘लिनसीड’ म्हणतात आणि जवसाच्या तेलापासून तयार होणाऱ्या जमिनीवरच्या आच्छादनाला ‘लिनोलियम’ म्हणतात; त्यांतला ‘लिन’ हाच. इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी आला. एक वाट फार जुनी आहे, तिने तो ‘दोरी’ या अर्थाने आला. दुसरी वाट फ्रेंचमधून आली. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत शिरला, त्यात रेघ आणि रांग या अर्थांचा ‘लीन्य’ हा फ्रेंच शब्दही होता. दोन्ही शब्द एकाच मुळाचे असल्यामुळे पुढे ते एकमेकांत मिसळून गेले.

म्हणजे पहिला अर्थ दोरी. तो आजही जिवंत आहे. मासे धरण्याच्या गळाची दोरी ती ‘फिशिंग लाइन’ आणि कपडे वाळत घालण्याची दोरी ती ‘क्लोद्सलाइन’. जहाजावर तर दोराला काही काम नेमून दिले, की खलाशी त्याला ‘रोप’ न म्हणता ‘लाइन’ म्हणतात. आपल्याकडेही कामाला लागलेल्या दोराला वेगळे नाव मिळते: मोटेचा तो नाडा, बैलाचा तो कासरा आणि गुरे बांधण्याचे ते दावे.

दोरीपासून बाकीचे अर्थ कसे फुटले, हे पाहायचे असेल तर कोशापेक्षा घराच्या पायाची आखणी पाहावी. गवंडी दोन टोकांना दोन खुंट्या ठोकतो आणि त्यांच्यामध्ये दोरी ताणून बांधतो; या दोरीला आपल्याकडे लाइनदोरीच म्हणतात, आणि हा जोडशब्द बनवणाऱ्याने नकळत दोन भाषांतले दोन समानार्थी शब्द शेजारी आणून बसवले आहेत. ताणलेल्या दोरीच्या कडेने चुन्याची फक्की टाकली जाते. मग दोरी सोडून गुंडाळून ठेवली, तरी जमिनीवर पांढरी रेघ उरते. दोरीचे नाव त्या रेघेला मिळाले, तो दुसरा अर्थ. पुढे बांधकामाला सुरुवात होते तेव्हा पुन्हा दोरी लावून तिच्या धारेने एकामागून एक विटा बसतात. ती झाली रांग, तिसरा अर्थ. भिंत उभी राहिली, की अलीकडचे आपले आणि पलीकडचे शेजाऱ्याचे ठरते. ती झाली सीमा, चौथा अर्थ. कोशात एकमेकांपासून दूर दिसणारे हे अर्थ एका सकाळच्या कामात एकमेकांच्या पाठोपाठ येतात.

रेघेच्या अर्थापासून भूमितीची रेषा निघाली. जिला लांबी आहे पण रुंदी नाही ती रेषा, अशी व्याख्या युक्लिडने केली. आपल्या पाठ्यपुस्तकांत रेषा, रेषाखंड आणि किरण असे तीन निरनिराळे शब्द येतात, आणि वहीवर आपण जो काढतो तो खरे तर रेषाखंड, कारण त्याला दोन टोके असतात. रांगेच्या अर्थाचा विस्तार सर्वांत मोठा आहे. अक्षरांची रांग म्हणजे लिखाणाची ओळ. त्यावरून कवितेचा चरण, नटाचे पाठ केलेले संवाद आणि ‘ड्रॉप मी अ लाइन’ म्हणजे ‘चार ओळी लिहून कळवा’ असे अर्थ आले. या शेवटच्या ठिकाणी दोन्ही भाषांनी अगदी एकच कल्पना वापरलेली दिसते. सैन्याच्या तंबूंची किंवा खोल्यांची रांग म्हणजे ‘लाइन्स’. इंग्रजांच्या छावण्यांतून तो शब्द आपल्याकडे आला आणि ‘पोलीस लाइन’ व ‘सिव्हिल लाइन्स’ या नावांत राहिला. आज त्या जागी बहुमजली इमारती उभ्या असल्या, तरी नाव जुन्या रांगेचेच आहे. माणसांच्या रांगेला अमेरिकेत ‘लाइन’ आणि इंग्लंडमध्ये ‘क्यू’ म्हणतात. आपण बोलताना अमेरिकन माणसासारखे बोलतो. बापामागून मुलगा, मुलामागून नातू अशी जी रांग लागते तो वंश. बियाण्यांच्या संशोधनातही हाच अर्थ आहे. संकरित कापसाचे बी ज्या दोन शुद्ध वाणांच्या संकरातून तयार करतात, त्यांना ‘पॅरेंट लाइन’ म्हणतात.

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेमाने जाणारा मार्ग ही आणखी एक शाखा आहे. तिच्यात रेल्वे लाइन, एअरलाइन आणि पाइपलाइन येतात. आयुष्यात माणूस जो मार्ग धरतो तो त्याचा धंदा किंवा अभ्यासक्रम, म्हणून ‘मुलगा सायन्स लाइनला आहे’ किंवा ‘तो आमच्या लाइनचा नाही’ असे आपण म्हणतो. क्रिकेटमधील ‘लाइन आणि लेंग्थ’ यांपैकी लाइन म्हणजे चेंडू यष्टींच्या संदर्भात कोणत्या दिशेने येतो ते. मराठी समालोचकांनी त्यासाठी ‘दिशा आणि टप्पा’ ही जोडी वापरली, आणि ती मला मूळ इंग्रजी जोडीपेक्षाही स्वच्छ वाटते.

कोशात शेवटी दिसलेला ‘अस्तर’ हा अर्थ मात्र वेगळा काढला पाहिजे. कोटाला आतून कापड लावणे या अर्थाचे क्रियापद ‘लाइन’ हे दिसायला तेच असले, तरी बहुतेक कोश त्याची नोंद स्वतंत्र करतात. जुन्या काळी कपड्यांना आतून लिननचे अस्तर लावीत, म्हणून लिनन लावणे म्हणजे ‘लाइन’ करणे असे क्रियापद तयार झाले आणि त्यावरून ‘लायनिंग’ आले. कालव्याचे किंवा शेततळ्याचे जे अस्तरीकरण होते, त्यालाही आपल्याकडचे ठेकेदार लायनिंगच म्हणतात. एक शब्द जवसाच्या दोरीपासून आला आणि दुसरा जवसाच्या कापडापासून. म्हणून आपल्या प्रश्नाचे काटेकोर उत्तर असे, की हे दोन शब्द आहेत, पण दोघांचे झाड एक आहे.

हा प्रवास परका वाटू नये, कारण आपल्या भाषेने अगदी हेच केलेले आहे. संस्कृत ‘सूत्र’ म्हणजे धागा. त्यापासून सूत निघाले. सुताराचा सूत हा इंचाचा आठवा भाग झाला. शास्त्रातले थोडक्यात बांधलेले वाक्य सूत्र झाले आणि गणितातला नियमही सूत्रच झाला. नाटक चालवणारा सूत्रधार झाला, आणि सुतार हा शब्दही सूत्रधारापासूनच आला. बिघडलेला माणूस ‘लाइनीवर आला’ असे तरुण पिढी म्हणते, त्या जागी आधीची पिढी ‘सुतासारखा सरळ झाला’ म्हणत असे. रोमन माणसाने जवसाच्या धाग्यात जे पाहिले, तेच आपल्या पूर्वजांनी त्यांच्या सुतात पाहिले.

मुलांनी इतके अर्थ लक्षात कसे ठेवावेत, हा आपला शेवटचा मुद्दा आहे. अर्थांची यादी पाठ करून घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. शब्द एकटा कधी येत नाही; त्याच्या आधी आणि नंतर काय आले आहे ते पाहायला शिकवावे. ‘इन लाइन’ म्हणजे रांगेत, पण त्यापुढे ‘विथ’ आला, की ‘च्या अनुसार’. ‘अलाँग दीज लाइन्स’ म्हणजे ‘या धर्तीवर’. ‘आउट ऑफ लाइन’ म्हणजे मर्यादा सोडून. ‘ऑन द लाइन’ म्हणजे फोनवर, आणि प्रतिष्ठा किंवा नोकरी यांच्यासंबंधी बोलणे चालले असेल तर ‘पणाला लागलेली’. ‘टो द लाइन’ म्हणजे पायाचा अंगठा आखलेल्या रेघेवर टेकवून उभे राहणे, म्हणून नेमून दिलेले धोरण पाळणे. येथे दोरी ओढण्याचा (tow) संबंध नाही, अंगठ्याचा (toe) आहे, आणि स्पेलिंग तेथेच चुकते. मुलीने असे शब्दसमूह वाक्यासह वहीत उतरवून ठेवले, तर अर्थ आपोआप बसतील.

यालाच जोडून मराठी लिखाणाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीला एका शब्दावर जे भागवावे लागते, त्यासाठी मराठीत निरनिराळे शब्द आहेत: कागदावर रेघ, भूमितीत रेषा, वहीत ओळ, दुकानापुढे रांग, जेवणाला पंगत आणि शेतात पिकाचे तास. बोलताना लाइन खुशाल म्हणावे. परंतु दवाखान्यासमोर ‘रुग्णांची लाइन’ आणि शेतात ‘कपाशीची लाइन’ असे छापील मजकुरात वाचले, की हातात चांगले हत्यार असून ते न वापरल्यासारखे वाटते. विजेच्या अर्थाची लाइन राहू द्यावी, कारण तो अर्थ आपण कमावलेला आहे. बाकीच्या ठिकाणी आपले शब्द अधिक नेमके आहेत.

प्रश्न : माझे बालपण भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गेले. घरात मेन लाइन, लूप लाइन, सुरत लाइन, तीन नंबरची लाइन, लाइन क्लिअर असे शब्द सतत कानांवर पडत. या सर्व ठिकाणी लाइन म्हणजे रूळच का? आणि मग रेल, ट्रॅक आणि लाइन यांत फरक काय?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : रेल म्हणजे एक लोखंडी रूळ. दोन रूळ, त्यांखालचे स्लीपर आणि खडी मिळून जे होते तो ट्रॅक. लाइन हा शब्द या दोन्हींपेक्षा व्यापक आहे आणि आपण दिलेल्या पाच प्रयोगांत त्याचे तीन वेगळे अर्थ आलेले आहेत.

‘तीन नंबरची लाइन’, ‘मेन लाइन’ आणि ‘लूप लाइन’ यांत लाइन म्हणजे स्थानकातला एक विशिष्ट ट्रॅक. मेन लाइनपासून फुटून थोड्या अंतराने पुन्हा तिलाच मिळणारी ती लूप लाइन. मागून येणाऱ्या जलद गाडीला वाट देण्यासाठी मालगाडीला तेथे थांबवतात. एखाद्या अधिकाऱ्याला महत्त्वाच्या कामावरून बाजूला केले, की ‘त्याला लूप लाइनला टाकले’ असे जे म्हणतात, ते येथूनच आले.

‘सुरत लाइन’ म्हणताना आपल्याला एखादा ट्रॅक अभिप्रेत नसतो. जळगावहून अमळनेर, नंदुरबारमार्गे सुरतेकडे जाणारा संपूर्ण मार्ग, त्यावरची स्थानके, तिथली माणसे आणि गाड्या हे सर्व त्या नावात येते. 1853 साली मुंबई ते ठाणे धावलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुढे घाट चढून खानदेशात आली, आणि भुसावळला तिचे दोन फाटे झाले. एक अकोल्यावरून नागपूरला 1867 साली पोहोचला आणि दुसरा खंडवा, इटारसीवरून जबलपूरला 1870 साली जोडला गेला. त्यामुळे भुसावळच्या माणसाला ‘कोणत्या लाइनची गाडी?’ हा प्रश्न जितका स्वाभाविक वाटतो, तितका तो एकाच मार्गावरच्या गावातल्या माणसाला वाटणार नाही.

तिसरा अर्थ ‘लाइन क्लिअर’ मध्ये आहे आणि तो सर्वांत सूक्ष्म आहे. दोन स्थानकांमधील मार्गाच्या ठरावीक भागाला ब्लॉक सेक्शन म्हणतात आणि त्यात एका वेळी एकच गाडी असावी, असा या पद्धतीचा पाया आहे. म्हणून गाडी सोडण्यापूर्वी स्टेशन मास्तर पुढच्या स्थानकाकडे परवानगी मागतो. आधीची गाडी पूर्ण, म्हणजे शेवटच्या डब्यासह, पोहोचली आहे आणि मार्ग मोकळा आहे याची खात्री करूनच पुढचा मास्तर ‘लाइन क्लिअर’ देतो. गाडी सुटण्याचा सिग्नल त्यानंतर मिळतो. म्हणजे येथे लाइन ही दिली-घेतली जाणारी परवानगी आहे. ‘तिकडून लाइन क्लिअर मिळाली, की कामाला लागू’ असे रेल्वेशी संबंध नसलेली माणसेही सहज म्हणतात, आणि शब्दाचा नेमका अर्थ त्यांच्या बोलण्यात टिकून आहे.

प्रश्न : ‘डेडलाइन’ या शब्दातील ‘डेड’ म्हणजे मृत. वेळेच्या मर्यादेचा मरणाशी काय संबंध? आणि मराठीत बातमी लिहिताना कोणता शब्द वापरावा?
(पत्रकारितेचा एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर : संबंध खरोखरच मरणाशी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, 1864 साली, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांसाठी तुरुंग उभारला गेला. बाहेरच्या लाकडी तटापासून काही अंतर आत एक हलके कुंपण घातलेले होते. जो कैदी ते ओलांडील किंवा त्याला हात लावील, त्याला पहारेकऱ्यांनी गोळी घालावी, असा हुकूम होता. त्या कुंपणाला ‘डेड लाइन’ म्हणत. अन्न, पाणी आणि स्वच्छता यांच्या अभावी त्या तुरुंगात हजारो कैदी मरण पावले. युद्ध संपल्यावर तुरुंगाचा प्रमुख हेन्री विर्झ याच्यावर खटला चालला आणि नोव्हेंबर 1865 मध्ये त्याला फाशी देण्यात आली. त्या खटल्यात या रेषेचा उल्लेख वारंवार आल्यामुळे शब्द सर्वत्र पोहोचला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकन वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनी, जी वेळ टळल्यास मजकूर छापला जाणार नाही तिला हे नाव दिले, आणि जमिनीवरची रेषा घड्याळात गेली.

मराठी बातमीत ‘मुदत’ हा शब्द पुरेसा आहे. मुदत दिली जाते, वाढवली जाते, संपते आणि उलटते, इतकी क्रियापदे त्याला सहज जोडता येतात. अर्जासंबंधी लिहिताना ‘अखेरची तारीख’ अधिक स्पष्ट आहे, कारण वाचकाला ती तारीखच हवी असते. ‘अंतिम मुदत’ असेही पुष्कळ छापले जाते. परंतु एकदा वाढवून दिलेल्या मुदतीला ‘अंतिम’ म्हटल्यास वाचकाचा गोंधळ होतो, म्हणून यापुढे वाढ मिळणार नाही असे संबंधित कार्यालयाने जाहीर केले असेल, तेव्हाच ते विशेषण वापरावे.